काळ्या जमिनीत तणनाशक आणि सूक्ष्मजीव: खरीप सोयाबीनच्या प्रकल्प नोंदी

२ जून: आखणी

प्रश्न एकच: सोयाबीनच्या तणनाशकांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काय परिणाम होतो? जागा लातूर जिल्ह्यातली मध्यम-खोल काळी जमीन. सामू (पीएच) ८.१, चुनखडीचे खडे हाताला लागतात. या रानात गेली तीन वर्षं फक्त कोळपणी-खुरपणी झाली आहे, तणनाशक पडलेलं नाही. शेजारचं रान जास्त सपाट होतं, पण तिथे आधी ऊस होता आणि अ‍ॅट्राझिन हे तणनाशक वर्षानुवर्षं पडलेलं. ते नाकारलं. एकच औषध वारंवार पडलेल्या जमिनीत ते खाऊन जगणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढलेली असते. स्यूडोमोनास या जिवाणूच्या एका वाणात अ‍ॅट्राझिन फोडणारे जनुक सापडले, त्याला आता तीसेक वर्षं होत आली. अशी जमीन कोरी म्हणून धरली तर पहिल्याच आठवड्यात फसगत.

वाफा ५ × ४ मीटर, उपचार (टी) सहा, पुनरावृत्ती (गट) चार, एकूण २४ वाफे. दोन वाफ्यांत १ मीटर, दोन गटांत २ मीटर मोकळं.

टी१: तण तसंच ठेवायचं.
टी२: तण हाताने उपटायचं, जमीन हलवायची नाही.
टी३: दोन कोळपण्या आणि एक खुरपणी.
टी४: पेंडीमेथॅलिन ३० ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात दुधासारखं मिसळणारं), हेक्टरी १ किलो क्रियाशील घटक, उगवणपूर्व.
टी५: इमॅझेथापायर १० एसएल (पाण्यात विरघळणारं), हेक्टरी १ लिटर (क्रियाशील १०० ग्रॅम), सोबत चिकटद्रव्य आणि अमोनियम सल्फेट.
टी६: टी५ मधलं सगळं, फक्त इमॅझेथापायर सोडून. तण हाताने उपटायचं.

टी२ आणि टी६ कशाला, हे बैठकीत दोनदा विचारलं गेलं. प्रयोगाचा जीव त्या दोघांतच आहे. तण राखलेल्या वाफ्यात मुळं जास्त, म्हणून मुळांभोवती जिवाणूही जास्त. कोळपलेल्या वाफ्यात माती उलटते, हवा शिरते, सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजतात. या दोन्हींशी तणनाशकाची तुलना केली की जो फरक दिसतो त्यात औषधाचा वाटा किती, हे सांगताच येत नाही. तण नाही आणि माती हललेली नाही, असा वाफा तुलनेला लागतो.

ग्लायफोसेट मूळ यादीत होतं, ते काढलं. तणनाशक-सहनशील सोयाबीनला आपल्याकडे लागवडीची परवानगी नाही, त्यामुळे उभ्या पिकात त्याचं काम नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर ते नोंदणीकृत कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं आहे.

६ जून: पंप आणि नोझल

२० चौरस मीटरला हेक्टरी ५०० लिटरच्या हिशोबाने वाफ्याला १ लिटर पाणी बसतं. औषध टी४ ला ६.७ मिली, टी५ ला २ मिली. २ मिली मोजायला बाटलीचं झाकण चालणार नाही, ५ मिलीची सिरिंज घेतली.

कोऱ्या पाण्यावर तीन वेळा चालून पाहिलं. कीटकनाशकाचं कोन नोझल लावलं तेव्हा कोरड्या जमिनीवर पट्टे स्पष्ट दिसले: मध्ये कोरडं, कडांना चिंब. अशा वाफ्यातून आठ ठिकाणची माती घेतली तर दोन ठिकाणी दुप्पट औषध आणि दोन ठिकाणी शून्य. फ्लॅट फॅन नोझल लावलं, जमिनीपासून ५० सेंमी उंची धरली आणि वाफ्यात चार फेऱ्या ठरवल्या. तिसऱ्या खेपेला ९८० मिली गेलं. तेवढं चालेल.

पंप मागून आणलेला. धुवून त्यात भरलेलं साधं पाणी कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपांवर मारून ठेवलं आहे. निकाल दोन-तीन दिवसांनी.

९ जून: पंप नाकारला, पायाभूत नमुने घेतले

टोमॅटोचे शेंडे वळले, पानं चिंचोळी होऊन दोरीसारखी पिळली. ही २,४-डी या तणनाशकाची खूण. पंप आधी उसात वापरलेला असणार. नुसत्या पाण्याने हे औषध रबरी नळी आणि वॉशरमधून निघत नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवावं लागतं, नळीत आणि नोझलमध्येही. पण प्रयोगासाठी ही जोखीम नकोच. नवा १६ लिटरचा पंप घेतला, तो फक्त या कामाला. टी६ आधी, टी५ नंतर, हा क्रम पंपावरच रंगाने लिहून ठेवला.

पायाभूत नमुने: २ सेंमी व्यासाची नळी, प्रत्येक वाफ्यात आठ जागा, दोन ओळींच्या मधली माती, खोली ०–५ सेंमी. हात आणि नळी दर वाफ्याला स्पिरिटने पुसायची. पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात बर्फावर.

खोलीबद्दल वाद झाला, म्हणून आकडा मांडून ठेवतो. मातीची घनता १.३ धरली तर हेक्टरी ५ सेंमी थर म्हणजे साडेसहा लाख किलो माती. त्यात १ किलो पेंडीमेथॅलिन म्हणजे किलोला १.५४ मिलिग्रॅम. तेच १५ सेंमी खोल घेतलं तर ०.५१. पेंडीमेथॅलिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, मातीला घट्ट चिकटतं आणि वरच्या दोन-तीन सेंमीतच राहतं. खतांच्या तपासणीसारखी १५ सेंमी माती घेतली तर दोन भाग स्वच्छ मातीत एक भाग बाधित माती मिसळून ‘परिणाम आढळला नाही’ असा अहवाल तयार होतो. असे अहवाल बरेच असावेत अशी शंका आहे.

१२ जून: माती चाळणं

काळी माती ओली असली की २ मिमीच्या चाळणीत लोण्यासारखी थापली जाते आणि वाळली की खडा होते. मधली स्थिती, म्हणजे रानात ज्याला वापसा म्हणतो तीच, चाळणीलाही लागते. मूठ वळली तर गोळा व्हावा आणि अंगठ्याने दाबला की फुटावा. पिशव्या उघड्या ठेवून ४ अंशाला दीड दिवस सावकाश सुकवल्या, मग चाळल्या. उन्हात किंवा पंख्याखाली सुकवायचं नाही. वाळून पुन्हा ओली झालेली माती मेलेल्या पेशींवर पोसून दोन-तीन दिवस दणकून श्वास घेते, आणि त्या लाटेखाली औषधाचा परिणाम बुडून जातो.

एका गटाच्या चार पिशव्या शीतकपाटाच्या मागच्या भिंतीला टेकल्या आणि गोठल्या. गोठल्यावर पेशी फुटतात. त्या टाकून वाफ्यांतून नवी माती आणली. आता कपाटात मागे पुठ्ठा उभा केला आहे.

१५ जून: बरण्यांचा संच

शेतात ऊन, पाऊस, मुळं सगळंच बदलतं, म्हणून समांतर प्रयोग बरण्यांत. आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धतीचा सांगाडा घेतला: ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या २१६ (नत्र रूपांतर) आणि २१७ (कर्ब रूपांतर), दोन्ही २००० सालच्या. त्यात औषधाच्या दोन मात्रा असतात, शेतात अपेक्षित असलेली आणि तिच्या पाचपट. २८ व्या दिवशी कोऱ्या मातीशी फरक २५ टक्क्यांच्या आत असेल तर दीर्घकालीन परिणाम नाही असं धरतात, नाहीतर १०० दिवसांपर्यंत चालवतात.

पण ही पद्धत ५० ते ७५ टक्के वाळू असलेली, सामू ५.५ ते ७.५ ची माती मागते. आपली माती चिकण आणि अल्कधर्मी. शिवाय तापमान २० अंश. खरिपात इथे वरच्या थराला २० अंश कधी मिळणार? २८ अंश ठेवलं. म्हणजे आकडे थेट त्या निकषाला लावायचे नाहीत, फक्त आपापसांत तुलना करायची. अहवालात हे पहिल्या पानावर यायला हवं.

ओलाव्याचा हिशोब: जलधारण क्षमता ६४ टक्के, त्याच्या निम्मी म्हणजे ३२. माती सध्या २२ टक्क्यांवर. १०० ग्रॅम कोरड्या मातीसाठी १२२ ग्रॅम ओली माती घ्यायची आणि १० मिली पाणी घालायचं. हे पाणी एकदम ओतलं की लाडू होतात. बारीक फवाऱ्याने तीन वेळा, मध्ये पट्टीने हलवत. मग सात दिवस नुसतंच ठेवायचं, चाळण्याची आणि ओलं करण्याची लाट ओसरू द्यायची. औषध त्यानंतर.

औषध देणं: शुद्ध पेंडीमेथॅलिन पाण्यात घालता येत नाही. अ‍ॅसिटोनमध्ये मिलीला १ मिलिग्रॅम असं द्रावण, ते बारीक धुतलेल्या गारेच्या वाळूवर, किलो मातीला १० ग्रॅम वाळू. अ‍ॅसिटोन पूर्ण उडून गेल्यावर वाळू मातीत मिसळायची. किलो मातीला १.५४ मिली द्रावण, पाचपटीला ७.७ मिली. कोऱ्या बरणीतही अ‍ॅसिटोन उडवलेली वाळूच जाणार.

बाजारातलं ३० ईसी वेगळ्या बरण्यांत. हेक्टरी ३.३ लिटर ओतलं की १ किलो औषध आणि बाकी दोन किलोंहून जास्त द्रावक आणि पायसीकारक (तेल पाण्यात मिसळून धरणारा पदार्थ) जातं. ते जिवाणूंना कधी विष, कधी खाद्य. शुद्ध आणि बाजारी दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय दोष कुणाचा ते कळत नाही.

इमॅझेथापायरचंही तेच. ५ सेंमी थरात किलोला ०.१५ मिलिग्रॅम औषध बसतं. लिटरला १.५ मिली चिकटद्रव्य म्हणजे हेक्टरी ७५० मिली, किलोला १.१५ मिलिग्रॅमच्या आसपास: औषधाच्या सातपट. अमोनियम सल्फेटच्या नत्राची आधी काळजी होती, पण लिटरला २ ग्रॅम म्हणजे हेक्टरी जेमतेम २१० ग्रॅम नत्र, किलोला ०.३ मिलिग्रॅम. मातीत आधीच असलेल्या नत्रापुढे ते किरकोळ.

२२ जून: पेरणी

शंभर मिमीच्या आसपास पाऊस झाला, वापसा आला. वाण जेएस-३३५, अंतर ४५ × ५ सेंमी. बियाण्याला आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर शेवटी ब्रॅडीरायझोबियमचं (सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरणारा जिवाणू) पाकीट, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, थंड गुळाच्या पाण्यात. गुळाचं पाणी उकळून वापरतात, ते पूर्ण निवलेलं असावं. सावलीत सुकवून लगेच तिफणीत. क्रम उलटा झाला तर जिवाणूखत बुरशीनाशकाखाली गाडलं जातं, आणि पुढे गाठी कमी आल्या की आळ तणनाशकावर येतो.

२३ जून: टी४ फवारणी

सकाळी ७ ते ८, जमीन ओली, वारा नाही. कडेला दोघांनी प्लास्टिकचा पडदा धरला. पेंडीमेथॅलिन कोरड्या, तापलेल्या जमिनीवर मारलं तर वाफ होऊन आणि उन्हाने बरंच वाया जातं. मोजपात्राच्या तळाशी राहिलेला केशरी-पिवळा थेंब साबणाने निघत नाही. हातमोज्यांवर जो डाग पडला तो संध्याकाळी पाण्याच्या बाटलीवर होता. हातमोजे प्रत्येक वाफ्यानंतर बदलायचे, असं पुढच्या यादीत घातलं.

३० जून: सातवा दिवस, प्लेटा आणि डिहायड्रोजनेज

प्लेटांसाठी (माध्यमावर वसाहती उगवून मोजायला) १० ग्रॅम माती ९० मिली द्रवात अर्धा तास हलवायची. मिठाच्या पाण्यात काळी माती गठ्ठे धरते आणि जिवाणू त्यातच अडकतात. ०.१ टक्का सोडियम पायरोफॉस्फेट घेतलं की माती सुटी होते. जिवाणूंसाठी दहापट विरलनाचा सहावा टप्पा, अ‍ॅक्टिनोमायसिट्ससाठी (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) चौथा, बुरशीसाठी तिसरा. बुरशीच्या रोझ बेंगाल माध्यमात लिटरला ३० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन, माध्यम ४५ अंशावर आल्यावरच. रोझ बेंगालच्या प्लेटा उजेडात ठेवू नयेत. उजेडात हा रंगच विषारी होतो आणि मग बुरशी कशाने कमी झाली, देव जाणे.

टी४ मध्ये बुरशीच्या वसाहती टी२ पेक्षा कमी, चारही गटांत. जिवाणूंमध्ये फरक नाही. अ‍ॅक्टिनोमायसिट्स दोन गटांत कमी, दोनांत जास्त, म्हणजे काहीच म्हणता येत नाही. पहिल्या पावसाच्या मातीचा वास या अ‍ॅक्टिनोमायसिट्सचा. टी४ ची पिशवी उघडल्यावर तो वास येतोच, फक्त औषधाच्या वासाखाली दबलेला. वासावरून निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी ही नोंद.

प्लेटेवर मातीतल्या जिवाणूंपैकी फार तर शंभरातला एखादाच उगवतो, हे विसरायचं नाही. आणि एका नमुन्याच्या तीन प्लेटा म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. पुनरावृत्ती म्हणजे वाफा. तीन प्लेटांची सरासरी काढून एक आकडा, मग त्याचा लॉग, मग विश्लेषण.

डिहायड्रोजनेज (जिवंत पेशींतला विकर, म्हणजे एन्झाइम): ६ ग्रॅम माती (चुना आधीच मिसळलेला), १ मिली ३ टक्के टीटीसी (रंगहीन रसायन), २.५ मिली पाणी, ३७ अंशाला २४ तास. जिवंत पेशी टीटीसीला टीपीएफ या लाल रंगात बदलतात. मिथेनॉलने धुऊन १०० मिली करायचं, ४८५ नॅनोमीटरला वाचायचं. वर मोकळी हवा राहू द्यायची नाही, नाहीतर टीटीसीचं इलेक्ट्रॉन ऑक्सिजन पळवतो.

पहिली तुकडी बाद. ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेत तापवून मारलेल्या) मातीच्या नळीतही गुलाबी रंग आला. त्या नळ्या खिडकीपाशी तासभर राहिल्या होत्या. उजेडाने टीटीसी आपोआप लाल होतं. मेलेल्या मातीची नळी तुकडीत नसती तर हा रंग जिवाणूंच्या नावावर जमा झाला असता. दुसरी तुकडी चांदीच्या कागदात गुंडाळून केली. मेलेली माती पांढरीच राहिली.

८ जुलै: बरण्यांत गडबड

श्वसनाच्या बरणीत १० मिली ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचा लहान पेला ठेवतो. तो कार्बन डायऑक्साइड धरतो. नंतर बेरियम क्लोराइड घालून, फिनॉल्फ्थॅलिनवर ०.५ नॉर्मल आम्लाने उरलेला अल्क मोजायचा. साध्या मातीच्या एका बरणीचा हिशोब: रिकाम्या बरणीला ९.८ मिली आम्ल, मातीच्या बरणीला ७.४. फरक २.४ × ०.५ × ६ = ७.२ मिलिग्रॅम कर्ब, १०० ग्रॅम मातीतून सात दिवसांत. हे ठीक.

गडबड झाली ती लसूणघास घातलेल्या बरण्यांत. नत्र चाचणीसाठी किलोला ५ ग्रॅम सुक्या लसूणघासाची पूड घालतात. त्याच बरण्यांत श्वसनही मोजून घेऊ म्हणून तेवढाच पेला ठेवला गेला. कोरी, एकपट, पाचपट, शुद्ध, बाजारी: सगळ्यांचा आकडा अगदी एकसारखा. ‘परिणाम शून्य’ असं वहीत लिहिलंही गेलं होतं.

आकडे जास्तच एकसारखे होते, म्हणून हिशोब केला. पेल्यात ५ मिलीतुल्यांक अल्क, तो जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम कर्ब धरू शकतो. अर्धा ग्रॅम लसूणघासात साधारण २०० मिलिग्रॅम कर्ब, त्यातला तिसरा हिस्सा जरी आठवड्यात बाहेर पडला तरी साठच्या वर. पेला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच भरून गेला होता. बेरियम घातल्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग आलाच नाही, हीच खूण होती. ती कुणी पाहिली नाही. आता त्या बरण्यांत २० मिली १ नॉर्मल, आणि पेला अर्धा वापरला गेला की बदलायचा. ती सगळी तुकडी पुन्हा लावली.

चुनखडीच्या मातीत मूठभर कार्बन डायऑक्साइड चुन्यातूनही येतो. मेलेल्या मातीची एक बरणी वजा करायला ठेवली आहे.

११ जुलै: टी५, टी६ फवारणी

पेरणीनंतर १९ वा दिवस. केना, कुंजरू, दुधी, शिपी ही तणं दोन ते चार पानांवर. लव्हाळा वर आला आहे, तो या औषधाला दाद देत नाही, गाठी जमिनीत शाबूत राहतात. टी६ आधी मारलं, मग टी५.

इमॅझेथापायर वनस्पतीतला जो विकर अडवतं (व्हॅलिन, ल्यूसिन, आयसोल्यूसिन ही अमिनो आम्लं बनवणारा) तोच विकर जिवाणू आणि बुरशीतही असतो. म्हणून ‘हे फक्त तणावर काम करतं’ हे वाक्य बरोबर नाही. ग्लायफोसेटचं तसंच, ते जो शिकिमेट मार्ग (काही अमिनो आम्लं बनवणारी साखळी) अडवतं तोही सूक्ष्मजीवांत आहे. मात्र सगळ्यांचा विकर सारखा हळवा नसतो, आणि मातीत ही अमिनो आम्लं तयारही मिळतात. काचेच्या नळीत मरणारा जिवाणू मातीत मरेलच असं नाही.

१८ जुलै

टी५ चं सोयाबीन फिकट पिवळं, वाढ थबकलेली. आठवडाभर असं दिसणं अपेक्षित आहे. तणं अजून उभी पण शेंडे लालसर.

डिहायड्रोजनेज: टी१ सगळ्यांत वर, टी३ त्याच्या जवळ (दुसरी कोळपणी चारच दिवसांपूर्वी झाली). टी२, टी५, टी६ खाली आणि एकमेकांना चिकटून. टी१ शी तुलना केली असती तर ‘इमॅझेथापायरमुळे विकराची क्रिया घटली’ असं छापता आलं असतं. टी२ मध्ये औषधाचा थेंब नाही आणि तोही तेवढाच खाली आहे. घट तणांची मुळं गेल्याची आहे.

२१ जुलै: टी४, अठ्ठाविसावा दिवस

शेतात बुरशीच्या प्लेटा टी२ च्या बरोबरीला. बरण्यांत शुद्ध पेंडीमेथॅलिन एकपट कोऱ्यासारखंच. बाजारी ३० ईसी पाचपट मात्र पहिल्या आठवड्यात कोऱ्यापेक्षा जास्त श्वास घेत होतं, आता खाली आलं. औषध पचवलं म्हणून नव्हे, द्रावक खाल्लं. श्वसन वाढलं की माती खूश, असा अर्थ काढायची सवय आहे. श्वसन वाढलं आणि जिवाणूंचं वजन तेवढंच राहिलं किंवा घटलं, तर ती ओढाताण असते. म्हणून श्वसनाला जैवभाराने (सूक्ष्मजीवांच्या वजनाने) भागून बघायचं.

जैवभार (क्लोरोफॉर्म धुरी): २५ ग्रॅम मातीचे दोन भाग, एक क्लोरोफॉर्मच्या वाफेत २४ तास (पेशी फुटतात), दुसरा तसाच. दोन्ही १०० मिली ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेटमध्ये (लिटरला ८७.१ ग्रॅम) अर्धा तास हलवून गाळायचे. विरघळलेल्या कर्बाचा फरक भागिले ०.३८. दुकानातल्या क्लोरोफॉर्ममध्ये टिकण्यासाठी इथेनॉल घातलेलं असतं. ते धुऊन काढलं नाही तर इथेनॉलचा कर्ब जिवाणूंच्या खात्यात जातो. काळ्या मातीचा अर्क गाळणकागदावर तासन्‌तास बसतो, आधी सेंट्रिफ्यूज केलं तर सुटतो. अर्क गोठवून ठेवले होते, वितळल्यावर तळाशी पांढरा गाळ: चुनखडीच्या मातीतलं जिप्सम. ढवळून न घेता वरचं पाणी घेतलं, दोनदा वाचून पाहिलं, फरक नाही.

मधल्या नऊ दिवसांच्या उघडिपीची नोंद इथेच. १६ जुलैपर्यंत पाऊस नव्हता आणि सगळ्याच वाफ्यांत, टी२ सकट, जैवभार जूनपेक्षा बराच उतरलेला होता. ही उतरण कुठल्याही दोन उपचारांतल्या फरकापेक्षा मोठी आहे. १९८३ साली डॉम्श आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला होता: वाळण्या-भिजण्याने जे चढउतार होतात तेवढे आणि महिन्याभरात भरून येणारे परिणाम औषधाच्या खात्यावर गंभीर म्हणून लिहू नयेत.

६ ऑगस्ट: गाठी

४५ वा दिवस. वाफ्याला पाच झाडं, कडेची ओळ सोडून. उपटायचं नाही, काळी माती गाठी ओरबाडून घेते. झाडाभोवती १५ सेंमी घेर आणि २० सेंमी खोल खुरप्याने खणून ढेकूळ तसंच बादलीत, चिमूटभर कॅलगॉन (माती सुटी करणारं रसायन) टाकलेल्या पाण्यात तासभर. मग चाळणीवर मंद धारेने. सुटलेल्या गाठी चाळणीत राहतात, त्या मोजायच्या.

प्रत्येक झाडाच्या दहा गाठी ब्लेडने कापल्या. आतून गुलाबी-लाल म्हणजे लेगहीमोग्लोबिन (गाठीतलं लाल प्रथिन) आहे, काम चालू. पांढरी म्हणजे अजून कोवळी किंवा निकामी. हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली. कापल्यावर लगेच बघायचं, काही मिनिटांत रंग मळतो.

टी४, टी२, टी६ सारखे. टी५ मध्ये गाठींची संख्या थोडी कमी, पण मुख्य मुळाच्या वरच्या भागातल्या मोठ्या गाठी तेवढ्याच आणि गुलाबी. कमी आहेत त्या बाजूच्या मुळांवरच्या, उशिरा धरलेल्या बारीक गाठी. म्हणजे पिवळेपणाच्या आठवड्यात झाडाने मुळांकडे साखर कमी पाठवली तेव्हाच्या. टी५ च्या मातीतून काँगो रेड माध्यमावर ब्रॅडीरायझोबियमच्या पांढऱ्या, रंग न शोषणाऱ्या वसाहती टी२ इतक्याच आल्या (आठव्या दिवशी मोजल्या, हा हळू वाढणारा जिवाणू, चौथ्या दिवशी प्लेट फेकली तर काहीच नव्हतं असं वाटतं). जिवाणू आहे, झाड दमलं होतं.

टी१ मध्ये सर्वांत कमी गाठी. तणाच्या सावलीत सोयाबीन उपाशी. डिहायड्रोजनेज सगळ्यांत जास्त असलेला वाफाच इथे तळाला आहे.

८ ऑगस्ट: टी५, अठ्ठाविसावा दिवस

श्वसन, जैवभार, डिहायड्रोजनेज तिन्ही टी६ च्या जवळ. नायट्रेट मात्र टी५ आणि टी६ दोन्हीत टी२ पेक्षा किंचित कमी. दोन्हीत समान काय? चिकटद्रव्य. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मोजकेच आणि हळवे असतात, त्यामुळे हा धागा सोडायचा नाही. चिकटद्रव्याच्या एकपट-पाचपट बरण्या नव्याने लावल्या, २८ दिवस.

डीएनए काढून जिवाणूंची यादी करावी अशी सूचना आली. तूर्त नको. चिकण माती मेलेल्या पेशींचा डीएनए महिनोन्‌महिने धरून ठेवते. परिणाम झाला तरी यादीत मेलेलेच हजेरी लावतील.

५ सप्टेंबर: चिकटद्रव्याच्या बरण्या

एकपट: फरक नाही. पाचपट: पहिल्या १४ दिवसांत नायट्रेट कमी, अमोनियमही कमी. दोन्ही कमी म्हणजे नायट्रीकरण थांबलं असं नाही. तसं असतं तर अमोनियम साचलं असतं. चिकटद्रव्याच्या कर्बावर वाढलेल्या जिवाणूंनी नत्र स्वतःच्या अंगात ओढला. २८ व्या दिवशी परत आला. शेतातला किंचित फरक यानेच, असं मात्र छातीठोक म्हणता येत नाही, कारण तिथे मात्रा एकपटच होती. वहीत तो तसाच उघडा ठेवला.

६ ऑक्टोबर: काढणीनंतर, रब्बीआधी

इमॅझेथापायर मुख्यतः जिवाणूच फोडतात. अल्कधर्मी जमिनीत ते मातीला फारसं चिकटत नाही, म्हणून जिवाणूंच्या हाती लागतं, पण पावसाबरोबर खालीही सरकतं. तिथे कर्ब कमी, हवा कमी, जिवाणू कमी. म्हणून माती आता ०–१५ आणि १५–३० अशा दोन थरांतून, फक्त टी५ आणि टी२.

कप चाचणी (मातीत औषध उरलं का, ते रोपांवरून पाहायला): ३०० ग्रॅम माती, प्रत्येकी पाच दाणे मोहरी आणि ज्वारी, १४ दिवस. सोबत टी२ च्या मातीत मोजून औषध घातलेले कप: ०–१५ सेंमीच्या हिशोबाने पूर्ण मात्रा (किलोला ०.०५ मिलिग्रॅम), तिच्या १/२, १/४, १/८, १/१६. कपाला खाली भोक ठेवायचं नाही, पाणी वजनावर द्यायचं.

२० ऑक्टोबर

०–१५ च्या कपात ज्वारीची मुळं टी२ सारखी, लांब आणि केसाळ. १५–३० च्या कपात चारपैकी तीन गटांत मुळं आखूड, टोकाशी बोथट, बाजूची मुळं कमी. १/१६ च्या कपाशी जुळतात. मोहरीत तेच, पानं किंचित जांभळट. चौथा गट उताराच्या वरच्या बाजूचा, तिथे पाणी थांबत नाही.

टी५ वाफ्यांत रब्बीला हरभरा पेरायचा, ज्वारी आणि करडई टी२, टी३ मध्येच. १५–३० थराची माती डिसेंबरअखेर पुन्हा घ्यायची, त्याच आठ जागांपासून वीतभर बाजूला. जुन्या भोकांत वरची माती पडलेली असते.